अशोकाची दोन रूपे

प्राचीन युद्धांवरील डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये ऐतिहासिक वास्तव किती, ही चर्चा बहुधा ढाली-चिलखतांपाशी अडते. २००४ च्या ‘रोम: टोटल वॉर’मध्ये टॉलेमींच्या इजिप्तला फॅरोंच्या काळचा पेहराव चढवला होता. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण अवघड प्रश्न पेहरावाचा नाही, कर्माचा आहे.

कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख परागंदा केली गेली, असे अशोक तेराव्या शिलालेखात स्वतःच सांगतो आणि खेद व्यक्त करतो. २०२५ च्या ‘सिव्हिलायझेशन ७’मध्ये मात्र जगज्जेता अशोक वेगळा आणि विरक्त अशोक वेगळा, खेळाडूने सुरुवातीलाच एक निवडायचा. शिलालेखातला अशोक आधी जिंकतो, मग पस्तावतो. हा क्रम मोडला की पश्चात्तापाला विषयच उरत नाही. शिवाय जतन केलेला डाव मागे नेता येतो. कर्मसिद्धान्तात तशी सवलत नाही.

महाराष्ट्रातला पुरावाही सरळ नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिचा पुत्र, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा आहे, आणि अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा न रुचणारा आहे. (आईचे शब्द, हे खरेच.) जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात क्षहरात राजा नहपानाच्या हजारो नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला दिसतो. ही नाणी खेळात उत्पन्न म्हणून मोजता येतील. बलश्रीच्या लेखातला विरोध गुणांच्या तक्त्यात बसणार नाही.