आमच्या प्रभो, ये
(१ करिंथकरांस १६ : २२)



पौलानें करिंथच्या मंडळीस पत्र लिहिलें तें ग्रीक भाषेंत. पण तें संपवितांना त्यानें एक परका शब्द घातला : मारानाथा. मराठी कानांस त्यांत 'नाथा' अशी हांक ऐकूं येते. अर्थ जवळपास जुळतो खरा, पण तो निव्वळ योगायोग आहे; उपदेशक बंधूंनीं त्यावर उपदेश रचूं नये. शब्द तोडावयाचा तो असा : 'माराना' म्हणजे आमच्या प्रभो, व 'था' म्हणजे ये. कोणी 'मारान अथा', म्हणजे आमचा प्रभु आला आहे, असेंही वाचतात. परंतु प्रकटीकरणाच्या शेवटीं हीच प्रार्थना ग्रीक भाषेंत आहे व तेथें 'ये' असेंच म्हटलें आहे, म्हणून मला पहिला अर्थ बरा वाटतो.

ही भाषा अरामी. प्रभु येशू व त्याचे शिष्य हीच बोलत. करिंथकरांना ती येत नव्हती, तरी पौल शब्द उलगडून सांगत नाहीं; आपल्या तोंडीं जसें 'आमेन', तसा तो त्यांच्या तोंडीं बसला होता. म्हणजे तो अरामी बोलणाऱ्या पहिल्या यहूदी शिष्यांकडूनच आला असला पाहिजे.

१९१३ सालीं बूसेट या जर्मन पंडितानें असें मांडिलें कीं, येशूला 'प्रभु' म्हणण्याची चाल ग्रीक मंडळ्यांत पडली, कारण तेथील लोक आपल्या देवांस तसें म्हणत. तसें असतें तर आपली ही पदवी उसनी ठरती. पण हा एक शब्द त्या मताच्या आड येतो.

कोणी म्हणेल, 'मारे' म्हणजे नुसता मालक. होय, माणसांसही तें लावीत. इ. स. पू. ४०७ मध्यें मिसर देशांतील एलेफंटाइन येथील यहूद्यांनीं आपलें पाडलेलें मंदिर पुन्हां बांधूं द्यावें म्हणून सुभेदार बगोही यास अर्ज केला. त्यांत सुभेदारही 'आमचा मारे', आणि परमेश्वर 'आकाशाचा मारे'. दानिएलाच्या पुस्तकांतही देवाला हाच शब्द आहे. १९५६ सालीं कुमरानच्या गुहेंत ईयोबाचें अरामी भाषांतर सांपडलें. त्यांत सर्वसमर्थास एके ठिकाणीं नुसतें 'मारे' म्हटलें आहे.

चिचगडास १९५१ पर्यंत जमीनदारी होती. 'मालक' ही हांक कोणत्या आवाजांत मारीत, हें ज्यांच्या आजोबांनीं ती मारली त्यांस सांगावयास नको. ती हांक अर्जदाराची. परंतु मेलेल्या मालकाकडे कोणी अर्ज नेत नाहीं. त्याच्या वारसाकडे नेतो. त्या पहिल्या शिष्यांनीं वधस्तंभावर मारलेल्याचा वारस शोधला नाहीं. त्यालाच 'ये' म्हटलें.

'डिडाखी' नांवाच्या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथांत भोजनाच्या उपकारस्तुतीच्या शेवटीं हा शब्द येतो, आणि त्यापाठोपाठ आमेन.