गौण, पण कुणाच्या हिशेबात?

तलाठ्याकडून सातबारा आणला की काही नावांपुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतात. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला, मुलं अठराच्या आतली, म्हणून त्यांच्या वतीनं आईचं किंवा काकाचं नाव. यातलं ‘अज्ञान’ म्हणजे इंग्रजी कायद्यातलं ‘मायनर’. मुळात हा लॅटिनमधून आलेला तुलनेचा शब्द: अमक्यापेक्षा लहान, धाकटा. मराठी कागदानं त्यात न कळण्याचा अर्थ भरला. पोर नऊ वर्षांचं असो की साडेसतरा, कागदावर ते अज्ञान.

हाच ‘मायनर’ पाटबंधारे खात्यात गेला आणि ‘लघु’ झाला. तिथं तो निव्वळ मोजमाप आहे. तहसील कचेरीत मुरूम-रेतीच्या फायलीवर तो ‘गौण खनिज’ झाला, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ‘गौण वनोपज’. लघु आणि गौण यांत मोठं अंतर आहे. लघु आकार सांगतो, गौण पायरी सांगतो. संस्कृत शास्त्रकारांनी शब्दाचा मुख्य अर्थ आणि गौण अर्थ असा भेद केला. तेव्हापासून गौण म्हटलं की दुसरं काहीतरी मुख्य असावंच लागतं.

मग जंगलात मुख्य काय होतं? सागवान. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वन खातं उभारलं ते जहाजांना आणि रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं म्हणून. आलापल्ली-अहेरीकडचा साग हा खात्याच्या जमेचा माल. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे मोहफूल, डिंक, लाख, मध, चारोळी, हिरडा, तेंदूपान, किरकोळ जमेत. हा भेद जमाखर्च लिहिणाऱ्यानं केला होता. झाडाखाली राहणाऱ्यानं केला असता तर उलटा झाला असता. मार्च-एप्रिलात पहाटे टोपली घेऊन मोहफूल वेचायला निघालेल्या बाईला सागाचं काय? तिच्या घरचं मीठ-मिरची मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामावर चालतं. सागाला हात लावला तर गुन्हा दाखल होतो.

आपल्याकडे याच गोष्टीसाठी दुसरा शब्द होता आणि आजही आहे: निस्तार. जळण, कुंपणाचे काटे, नांगराचं लाकूड, गुरांची चराई, घरावरचे बांबू, हा सगळा निस्तार. मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात इंग्रजांनीही तो तसाच ठेवला, त्याचं भाषांतर केलं नाही. निस्तार हा शब्द कुटुंबाची गरज मोजतो. गौण हा शब्द तिजोरीतली जमा मोजतो. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतल्या जंगलाचं सगळं भांडण या दोन शब्दांच्या मधलं आहे.

बांबूनं ते उघडं केलं. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे, धान आणि ऊस यांच्याच कुळातलं. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूही घातला. आणि झाड तोडलं की त्याच अधिनियमानुसार ते ‘इमारती लाकूड’ होतं. म्हणून बांधीतल्या धानाचा भाऊबंद असलेला मानवेल बांबू तोडला की तो सागाच्या पंक्तीला जाऊन बसला. गावाला सूप-टोपलीपुरती तुटपुंजी सवलत, आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीला जंगलाचा ठेका, हे चित्र अनेक वर्षं राहिलं.

१९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना आणि पंचायतींना गौण वनोपजाची मालकी दिली, पण गौण म्हणजे काय ते सांगितलं नाही. व्याख्या नसलेली मालकी फारशी कामाची नसते. व्याख्या आली ती २००६ च्या वनहक्क कायद्यात: वनस्पतीपासून मिळणारं, इमारती लाकूड नसलेलं सगळं, आणि त्यात नाव घेऊन बांबू. एकीकडे १९२७ चा कायदा तेव्हा बांबूला झाड म्हणत होता, दुसरीकडे २००६ चा गौण वनोपज म्हणत होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण कापलेला बांबू विकायला बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो मिळेना. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेनं माघार घेतली नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१७ मध्ये केंद्रानं १९२७ च्या व्याख्येतून बांबू काढला, तो मुख्यतः जंगलाबाहेर, शेतात लावलेल्या बांबूची वाट मोकळी व्हावी म्हणून.

बांबू आणि तेंदू यांच्याइतका पैसा गावात आणणारा दुसरा वनोपज इथं नाही. तरी नाव गौणच. आणि हे नाव निरुपद्रवी नाही, कारण कायद्यात ते कुंपणासारखं वापरलं जातं. पेसामध्ये खनिजाबद्दल कलम आहे: खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस हवी. पण ती फक्त गौण खनिजासाठी. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. ते गौण नाही, म्हणून त्या कलमात बसत नाही. नाल्यातल्या रेतीबद्दल गावाचं मत अनिवार्य, डोंगराबद्दल नाही. एका विशेषणानं केवढा डोंगर बाजूला काढला!

इथं मला पुन्हा सातबारा आठवतो. माल गौण आणि माणूस अज्ञान, ही दोन्ही भाषांतरं एकाच शब्दाची असणं मला योगायोग वाटत नाही. जंगलाचा पालनकर्ता म्हणून खातं गावाकडे असंच बघत आलं. पण चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं बांबूची कापणी आणि विक्री स्वतः सांभाळली आणि तेंदूपान तोडणं मात्र बंद केलं. पानासाठी फांद्या छाटतात, आगी लागतात, आणि माणसापाखरांना मिळणारं तेंदूचं, म्हणजे टेंभुर्णीचं, फळ जातं, हे पाहून हातचा पैसा सोडला. असा निर्णय घेणाऱ्याला अज्ञान कसं म्हणायचं?

मुलगा अठराचा झाला की तलाठ्याकडे एक साधा अर्ज करतात: अ.पा.क. शेरा कमी करावा. मराठीत शासन निर्णय आणि ग्रामसभेचे नमुने लिहिणाऱ्यांना माझी तशीच विनंती आहे. कायद्याची इंग्रजी संसदेच्या हाती आहे, पण मराठी आपल्या हाती आहे. जिथं मालकी ग्रामसभेची आहे तिथं नुसतं ‘वनोपज’ लिहा. गौण हा शेरा आता कमी करा.