पंखा कुणाला?

आमच्या चिरंजीवांनी संगणकाच्या पेटीला, जिथे पूर्वी सीडीचा खण असे तिथे, टचस्क्रीनचा फॅन कंट्रोलर बसवला. पडद्यावर चार पंख्यांचे फेरे आणि आतलं तापमान. बोट खाली ओढलं की पंख्याचे व्होल्ट बारावरून उतरतात, पंखा मंदावतो. वर नेलं की घरात विमान उतरतं.

वास्तविक प्रोसेसर स्वतःची काळजी स्वतःच घेतो. फार तापला तर आपणहून वेग कमी करतो (ही कला आमच्या बँकेत तापल्याशिवायही जमते), आणि तरी भागलं नाही तर सरळ बंद पडतो. पण आकडा दिसल्यावर बँकेतल्या माणसाला स्वस्थता कुठली? ४५ चे ५२ झाले की माझा जीव खालीवर!

परवा रात्री असाच पंखे वाढवीत बसलो होतो. सौ. स्वयंपाकघरातून कपाळ पुसत आली. म्हणाली, "अहो, त्याला एकट्याला चार पंखे?"

तिच्या डोक्यावरचा पंखा गॅस विझतो म्हणून पंधरा वर्षं बंदच.

मी चपापलो. ज्याचा आकडा दिसतो त्याचीच काळजी घ्यायची, हा कुठला न्याय? यंत्र तापलं तर अक्षरं लाल होतात, माणूस तापलं तर आपण म्हणतो, "स्वभावच तसा!" वहीत नोंद नाही म्हणून देणं बुडत नाही, हे कारकुनाला तरी कळायला हवं.

उठलो, पोळपाट ओढला. दहा मिनिटांत सदरा भिजला. तापमान किती होतं कोण जाणे. तिथे पडदा नव्हता.