पत्र्याला परवानगी लागत नाही म्हणे!

बसू नकोस, उभाच राहा. मागच्या सांदवाडीत खोली काढलीस, तिला ‘गार्डन ऑफिस’ म्हणतोस आणि वर मलाच ऐकवतोस, “सर, पत्र्याचं तर आहे, पक्कं कुठे?” काऊन रे, नगररचनेच्या तासाला झोपला होतास का? 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम मीच शिकवला तुला. जमिनीवर, जमिनीत किंवा जमिनीखाली बांधकाम केलं की तो विकास, आणि त्याला परवानगी लागते. वीट की पत्रा, हे कायदा विचारत नाही.

बरं, बांधलीस तीही थेट कंपाउंडला टेकवून! सामासिक अंतर मोकळं सोडतात ते हवा खेळावी, आग लागली तर माणसाला आत शिरता यावं म्हणून. तुझा पत्रा भिंतीच्या वीतभर बाहेर गेलाय. पावसाळ्यात सगळी पागोळी शेजारच्या काकूंच्या पायरीवर. आणि आता यवतमाळचा मे महिना, तुझ्या एसीचं बाहेरचं डबडं त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गरम वारा फेकतंय. तिथं उभं राहून चार पोळ्या लाटून दाखव मला!

“वडगाव आधी ग्रामपंचायतीत होतं,” हे तर बोलूच नकोस. हद्दवाढ होऊन वर्षं झाली. आणि ग्रामपंचायतीत परवानगी लागत नव्हती, हे तुला कोणी सांगितलं? “टॅक्स भरतो ना!” अरे, अवैध बांधकामावरही कर लागतो. ती पावती म्हणजे परवानगी नव्हे. कलम 52 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि 53 ची नोटीस आली की स्वखर्चानं पाडावं लागतं, तेही ठाऊक नसेल.

घरून काम करायला कोणाची ना नाही. राहत्या घरात व्यावसायिकाला ऑफिस थाटायची मुभा नियमावलीतच आहे. 2020 च्या एकत्रिकृत नियमावलीनं लहान भूखंडांचं काम तर फारच सोपं केलंय. 150 चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे सोळाशे चौरस फुटांचा प्लॉट असेल, तर कागदपत्रं, शुल्क आणि सूचना एवढ्यावर भागतं. तेवढंही तुझ्यानं झालं नाही. फॅब्रिकेटरला अ‍ॅडव्हान्स द्यायला मात्र वेळ होता.

एसीचं डबडं आजच्या आज हलव. सोमवारी मंजूर नकाशाची प्रत आणि टेप घेऊन ये. मार्जिन मी स्वतः मोजीन. खोली त्यात येत असेल, तर त्याच दिवशी नट खोलायला माणूस बोलाव.