आजचं चिंतन : पोपटांना मी कुणाचं कणीस दिलं?



आज गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले १२ आणि १३ हे श्लोक वाचनात आले. देवांनी दिलेलं त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात, ते पाप खातात. खरं सांगायचं तर हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर नेहमी दुसरंच कुणीतरी यायचं. यंदा पहिल्यांदा मी स्वतः आलो.

झालं असं. फेब्रुवारीत गावी, शिरूर अनंतपाळला गेलो तेव्हा स्वीट कॉर्नच्या बियांचं पाकीट नेलं होतं. बी सुरकुतलेलं, आईला वाटलं किडकंच आणलंय. मका वाऱ्यावर फळतो, म्हणून एकच लांब ओळ न करता घरामागं आठ-आठ रोपांच्या तीन ओळी लावल्या. शेंड्यावरच्या तुऱ्यातला पराग खाली कणसाच्या केसांवर पडतो; एका केसामागं एक दाणा. ज्या केसाला पराग मिळत नाही, तिथं कणीस बोळकं राहतं. एवढं ज्ञान आईला ऐकवून मी पुण्याला परत आलो.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा गेलो. केस तपकिरी झाले होते, दाण्याला नख लावलं की दूध येत होतं. आणि पोपटांनी पाच-सहा कणसं सोलून टाकली होती. पोपट नीट खात पण नाही हो, निम्मं खातो, निम्मं सांडतो. मला मात्र कौतुक वाटलं. फोटो काढला, स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘पहिला नैवेद्य’. तुकोबांची पाखरांची गोष्ट आठवली होती ना! राखणीला बसले आणि पाखरांना पोटभर खाऊ दिलं.

आई जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून कणसांना बांधत होती. मी म्हटलं, “असू दे गं आई, त्यांचा पण वाटा आहे.”

ती वर न बघता म्हणाली, “वाटा देलालास व्हय? पाणी कोण घातलं?”

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या मुलखातली ही बाई. भांडी विसळलेलं पाणी ती बादलीत साठवायची, कमी पडलं तर बोअरवरून आणायची. अडीच महिने. मी फोनवर फक्त विचारायचो, “तुरे आले का?”

त्या रात्री तुकोबांची गोष्ट पुन्हा मनात घोळवली. शेत तुकोबांचं नव्हतं, दुसऱ्याचं होतं. मालक चिडला, तक्रार झाली. पुढं रास मोजली तर धान्य उलट जास्तच भरलं, म्हणून गोष्ट गोड होते. मालकाचा राग मी दरवेळी घाईनं ओलांडून जात होतो. तुकोबांनी स्वतःला पणाला लावलं होतं. मी काय लावलं होतं? फोटो.

म्हणजे १२व्या श्लोकातला चोर फक्त न देणाराच असतो का? दुसऱ्याच्या घामाचं देऊन पुण्य आपल्या नावावर घेणारा कोण? आपण शहरात हे बरंच करतो. बाबांच्या पैशातून अन्नदान करतो आणि पावती आपल्या नावाची घेतो. ते सगळंच खोटं असतं असं मी म्हणणार नाही, भुकेल्याच्या पोटात तर घास जातोच. पण पुढच्याच, १४व्या श्लोकात अन्न पावसापासून होतं असं येतं, आणि आमच्याकडं त्या पाऊस आणि अन्नाच्या मधे एक बाई बादली घेऊन उभी असते. तिला न विचारता दिलेलं यज्ञात धरायचं का, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

सकाळी मी बोअरवरून चार बादल्या आणल्या. खांदा भरून आला. मका तोडला की त्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं, म्हणून आधी चुलीवर आधण ठेवलं आणि मग कणसं तोडायला गेलो. बघतो तर दोन ओळी बांधलेल्या, भिंतीकडची तिसरी तशीच उघडी. तिच्यावर दोन राघू.

“ही का सोडलीस?”

“चिंध्या सरल्या,” आई म्हणाली.

अर्धं लुगडं दोरीवर तसंच वाळत होतं.