उलट्या तुकड्याचे बळ

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांना हिवतापाने गाठले. पुढे शेगावचे सेवाग्राम झाले, मोठे रुग्णालय उभे राहिले, डीडीटीची फवारणी आली. डास मात्र गेला नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांनी भाजणाऱ्या आणि पावसाळ्यात चिखलाने भरणाऱ्या आपल्या मुलखात तो तगतो कसा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

त्या तगण्याचे एक कारण गुणसूत्रांत आहे. कॉलेजात असताना गटारातली लाल अळी, म्हणजे डासाची दूरची नातेवाईक, आम्ही अभ्यासली. तिची लाळग्रंथी रंगवून काचपट्टीवर दाबली की सूक्ष्मदर्शकाखाली जाड, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गुणसूत्रे दिसत. एखाद्या अळीत जुळलेली जोडी मध्येच वळसा घेई. तिथे एका गुणसूत्राचा तुकडा दोन जागी तुटून उलटा जोडला गेलेला असे. जनुके तीच, क्रम उलटा.

ही नुसती मोडतोड नव्हे. सरळ आणि उलट्या तुकड्यांत जनुकांची देवघेव जवळजवळ थांबते. त्यामुळे एकत्र असताना उपयोगी पडणारी जनुके पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच राहतात. आफ्रिकेतल्या ॲनोफिलिस गॅम्बी या डासामध्ये ‘२एलए’ नावाचा असा उलटा तुकडा आहे. दमट जंगलात तो विरळा. कोरड्या माळरानाकडे जावे तसा वाढत जातो. तो बाळगणारे डास ऊन आणि कोरडी हवा अधिक सोसतात.

आपल्या खेड्यांतला हिवताप मुख्यतः ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस पसरवतो. उलट्या तुकड्यांच्याच आधारे १९८० पासून त्याच्यात वेगवेगळ्या जाती ओळखल्या गेल्या. डोळ्यांना त्या एकसारख्याच. पण त्यांतली ‘बी’ नावाची जात बहुतेक गुरांचेच रक्त पिते आणि हिवताप फारसा पसरवत नाही. कीटकनाशकाला दाद देण्यातही जातीजातींत फरक आहे. शहरी ॲनोफिलिस स्टिफेन्सी तर विदर्भाचाच: लिस्टन नावाच्या संशोधकाने १९०१ साली त्याचे वर्णन केले ते एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या डासांवरून. त्याच्यातही असे उलटे तुकडे आहेत.

म्हणून कुठल्या गावात कुठली जात आहे, हे न पाहता सगळीकडे एकच औषध फवारणे पुरेसे नाही. जिल्ह्याजिल्ह्यात हे पाहणारी माणसे आणि प्रयोगशाळा हव्यात. आपल्या हातातलेही थोडे नाही. गुणसूत्र सरळ असो वा उलटे, अळीला साचलेले पाणी लागतेच. कूलर, रांजण, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा आणि कोरडी ठेवा.