पत्त्याला बांधलेला हक्क

पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि पुढील काळात भंडारा व शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील अनेक गावांना पुनर्वसित गावठाणांत जावे लागले. या विस्थापनाची चर्चा जमीन, मोबदला आणि नागरी सुविधा यांभोवती फिरली, हे स्वाभाविकच होते. परंतु ज्या घरात दिव्यांग माणूस आहे त्या घराचे नुकसान पंचनाम्यात मावत नाही, कारण त्या माणसाचे जगणे पायाखालच्या वाटेवर, हाकेच्या अंतरावरील शेजाऱ्यावर आणि तहसील कार्यालयातील एका नोंदीवर उभे असते.

ही नोंद बहुधा संजय गांधी निराधार अनुदान योजनेची असते. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेला, जिच्या अनुदानाला गावात ‘निराधारचा पगार’ म्हणतात, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ठरावीक मर्यादेच्या आतील उत्पन्न आणि महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य यांचे पुरावे लागतात. चौकशी तलाठ्याकडून होते, मंजुरी तालुक्याला मिळते आणि हयातीचा दाखलाही तेथेच द्यावा लागतो. म्हणजे कुटुंब दुसऱ्या तालुक्यात गेले की दिव्यांगत्व तेच राहते, पण ते ओळखणारे कार्यालय बदलते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ नुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते, एसटीच्या प्रवासभाड्यातील सवलतही राज्यभर माणसाबरोबर चालते. मग पोटाशी जोडलेला लाभच तालुक्याच्या सीमेवर का थबकावा, याचे समाधानकारक उत्तर प्रशासनाच्या सोयीपलीकडे सापडत नाही.

मोबदल्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बुडालेल्या घराची किंवा शेताची एकरकमी भरपाई बँकेत जमा झाल्यावर तिच्याकडे उत्पन्न म्हणून पाहिले, तर गरिबीच्या अटीवर मिळणारे अनुदान धोक्यात येते. वस्तुतः ती गमावलेल्या मालमत्तेची किंमत आहे, कमाई नव्हे, आणि हा भेद उत्पन्नाचा दाखला देणाऱ्याने पाळलाच पाहिजे. २००७ च्या राष्ट्रीय पुनर्वसन धोरणाने दिव्यांगांसह दुर्बल विस्थापितांसाठी दरमहा ५०० रुपयांचे आजीव निवृत्तिवेतन सुचवले होते. रक्कम तुटपुंजी होती, तरी विस्थापनाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही ही जाणीव त्यात होती.

घरकुलाची गाठ तर गावाशी आणखी घट्ट आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातील लाभार्थी यादी ग्रामसभेपुढे येते, आणि २०१६ च्या अधिनियमातील कलम ३७ गृहनिर्माण योजनांत दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण देत असले, तरी यादीत नाव नसलेल्या नव्या रहिवाशाला ते आरक्षण हाती लागणे कठीण असते. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे अपेक्षित आहे, मात्र करच मोजका जमणाऱ्या पुनर्वसित गावात त्या पाच टक्क्यांतून किती हाती येणार?

पत्ता केवळ धरणामुळेच बदलतो असे नाही, लग्नामुळेही बदलतो. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागून आहे. तेथील दिव्यांग मुलगी लग्न होऊन तुमसरला आली, तर तिला धरणग्रस्ताइतकाही शासकीय आधार नसतो, कारण वास्तव्याच्या अटीतील १५ वर्षांची मोजणी तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून सुरू होते. राज्याची ही अट विवाहामुळे आलेल्या दिव्यांग स्त्रियांपुरती शिथिल व्हावी. आणि शासन स्वतःच लोकांना हलवते तेव्हा जुन्या तहसीलदाराने कुटुंब निघण्याआधीच निराधारचे प्रकरण नव्या तालुक्याकडे आपणहून पाठवावे, जेणेकरून एका महिन्याचेही अनुदान खंडित होणार नाही.